नागपुरात ओक व्हिनियर लावताय? मग आधी कूलर कुठे आहे ते बघा

सागवानाच्या गावात ओक काऊन पाहिजे, असं आपल्याकडे कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बल्लारशा-आलापल्लीचा सागवान, ज्याला लकडगंजमधले जुने व्यापारी अजूनही सीपी टीक, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा सागवान, म्हणतात, तो इथून देशभर जातो, नवीन संसद भवनातला सागवान नागपूरहून गेलाय, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही चंद्रपूर-गडचिरोलीकडचंच लाकूड गेलं, आणि आपण मात्र बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये अमेरिका-युरोपातून आलेल्या ओकचे वॉर्डरोब करून राहिलो. कारण एकच, रंग. सागवान कितीही चांगला असला तरी तपकिरी दिसतो, आणि आजकालच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये भिंतभर तपकिरी वॉर्डरोब आला की खोली अंगावर येते. ओक फिका, वाळूसारख्या रंगाचा, रेषा स्पष्ट पण भडक नाहीत, त्यामुळे डिझायनर लोक तोच पुढे करतात. ओक भारतात नाही असं पण नाही बरं, उत्तराखंड-हिमाचलात बांज नावाचा ओकच आहे, पण तो तिकडे सरपण आणि जनावरांच्या चाऱ्याच्या कामाचा, आपल्याला शोरूममध्ये दाखवतात तो सगळा बाहेरचाच.

आता व्हिनियर म्हणजे नेमकं काय. खऱ्या झाडाचं खोड गरम पाण्यात नाहीतर वाफेवर मऊ करतात आणि मोठ्या पात्याने त्याचे पातळ काप काढतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. हे काप सुकवून ३-४ मिलिमीटरच्या पातळ प्लायवर चिकटवतात, आणि आपल्याला दुकानात जी आठ बाय चारची शीट मिळते ती हीच. ती शीट मग मिस्त्री तुमच्या १८-१९ मिलिमीटरच्या प्लायवर लावतो. म्हणजे व्हिनियर नकली नसतं, वरचा थर शंभर टक्के लाकूडच असतो, फक्त खूप पातळ. हिशोब केला तर एक घनमीटर लाकडातून कागदावर २००० चौरस मीटर पृष्ठभाग निघतो, वाया जाणारं वजा करूनही तो इतका जास्त राहतो की परदेशातलं महागडं लाकूड मध्यमवर्गीय घरात परवडायला लागतं. ही काही आजची युक्तीही नाही, इजिप्तमध्ये तुतनखामुन राजाच्या थडग्यात सापडलेल्या फर्निचरवरसुद्धा व्हिनियर आहे, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट.

पण बरेच लोक म्हणतात की व्हिनियर म्हणजे तडजोड, पैसे असते तर सॉलिड ओकच केला असता. नागपूरपुरतं तरी मला हे पटत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत व्हाइट ओक खोडातल्या रिंगांच्या दिशेने साधारण १० टक्के आकसतो, रेड ओक साडेआठच्या आसपास, आणि आपला सागवान सहाच्याही थोडा खालीच. म्हणजे सागवान ओकपेक्षा बराच कमी हलतो, व्हाइट ओकच्या तर जवळपास निम्माच. आणि गाव कोणतं, तर मे अखेरच्या नवतप्यात ४५-४६ डिग्री, दुपारची हवा इतकी कोरडी की धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, आणि दीड-दोन महिन्यांनी तोच टॉवेल दोन दिवस वाळत नाही. अशा ठिकाणी चार फूट रुंद सॉलिड ओकचा टॉप केला तर तो उन्हाळ्यात फटी पाडणार आणि पावसाळ्यात फुगणार, मिस्त्री कितीही चांगला असो. प्लायमध्ये मात्र थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना हलू देत नाहीत, त्यावर बसलेलं अर्ध्या मिलिमीटरचं ओकही मग गुमान जागेवर राहतं. म्हणून आपल्या हवेत ओक वापरायचाच असेल तर व्हिनियर हाच त्याचा शहाणा प्रकार आहे, गरिबाचा नाही.

फक्त एक लक्षात ठेवायचं, हलायची ओढ संपलेली नसते, ती दाबून ठेवलेली असते. आणि दाबलंय ते एकाच बाजूने की दोन्ही बाजूंनी, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे वॉर्डरोबचं काम कसं होतं बघा. पल्ल्याला, म्हणजे कपाटाच्या दाराला, बाहेरून ४ मिलिमीटरची व्हिनियर शीट, आतून पाऊण मिलिमीटरचा पांढरा लॅमिनेट, कधी कधी तर आतून नुसता प्रायमर मारून सोडून देतात. बाहेरची बाजू ओलावा घेते-सोडते एका वेगाने, आतली वेगळ्याच वेगाने, लॅमिनेट तर जवळपास घेतच नाही, मग सात फुटी पल्ला एका बाजूने भाजलेल्या पापडासारखा वाकतो. वरचं टोक फ्रेमला टेकतं, खालचं बाहेर येतं, बिजागऱ्या कितीही फिरवा काही होत नाही. मिस्त्री म्हणतो प्लाय खराब, प्लायवाला म्हणतो मिस्त्री खराब, आणि घरमालक दोघांच्या मध्ये. खरं कारण असं की दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. उपाय म्हणजे आतूनही व्हिनियरच लावायचं, ओकचं नको, साधं स्वस्तातलं चालेल, पण तेवढ्याच जाडीचं आणि रेषा त्याच दिशेने, आणि पॉलिशसुद्धा दोन्हीकडे. बजेट नसेल तर निदान उंच पल्ले दोन भागात करा, किंवा पल्ल्याच्या मागे खाच पाडून ॲल्युमिनियमचा स्ट्रेटनर बसवून घ्या, तो नंतर चावीने थोडा ताणता येतो. कोटेशनमध्ये ही ओळ नसते, विचारावी लागते.

आता कूलर. मुंबई-पुण्याचे इंटिरियरचे व्हिडिओ बघून आपण घर करतो पण तिकडे कूलर नावाचं प्रकरणच नसतं आपल्यासारखं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठाक असते आणि खोलीत मात्र खिडकीतला कूलर ओली हवा फेकून राहिलेला असतो. म्हणजे कूलरच्या समोरचा पॅनल भर उन्हाळ्यात ओलावा पितो, आणि त्याच वॉर्डरोबचा पलीकडचा कोपरा, जिथे हवा पोचत नाही, तो सुकत राहतो. रात्री कूलर बंद झाला की परत उलटं. पावसाळा तरी सगळ्या घराला सारखा भिजवतो, कूलर एकाच पल्ल्याला धरतो. त्यामुळे मी तर म्हणतो नागपुरात ओक व्हिनियरचा पहिला शत्रू पाऊस नाही, कूलर आहे. झोत थेट पडतो त्या भिंतीवर व्हिनियर लावूच नका, तिथे लॅमिनेट किंवा साधा रंग, आणि बेडचं हेडबोर्ड, टीव्हीची भिंत हे कूलरच्या रेषेतून बाजूला घ्या. एसी असेल तर प्रश्न बराच सोपा होतो, तो हवा सुकवतो पण सगळीकडे साधारण सारखी.

आणि कूलरचं दुसरं लफडं त्याहून वाईट आहे, ते ओकला जास्तच लागू आहे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळा-निळा रंग तयार होतो, युरोपात शेकडो वर्षं लिहायची शाई याच रसायनाने बनवायचे, ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोहाचा क्षार. आता लोखंडी बॉडीच्या जुन्या कूलरचं गंजकं पाणी ओकच्या पॅनलवर ओघळलं आणि पॉलिशमध्ये कुठे बारीक चीर असली तर काय होईल ते सांगायला नको. काळा डाग वर पडत नाही, लाकडाच्या आत पडतो, पुसून जात नाही. हेच खिळ्यांचं. मिस्त्री शीट चिकटवताना दाब राहावा म्हणून बारीक लोखंडी चुका, म्हणजे लहान खिळे, मारतो, खाली पाण्यातला पांढरा ग्लू ओला असतोच, आणि सकाळी प्रत्येक चुकेभोवती निळसर टिकली तयार. सागवानात अशा टिकल्या सहसा लक्षात येत नाहीत, म्हणून सागवानावर हात बसलेल्या मिस्त्रीला हे माहीत असेलच असं नाही, त्यात त्याचा दोष नाही. त्याला आधीच सांगायचं, भाऊ, ओक आहे, स्टेनलेसच्या पिना वापर, नाहीतर पिना न मारता वर प्लाय ठेवून वजन दे. लोखंडी तारेच्या घासणीने ओक घासायचंच नाही, तिचे कण रेषांमध्ये अडकतात आणि पाण्याचं पॉलिश लागलं की काळे ठिपके उगवतात. पॉलिश व्हायच्या आधी डाग पडला असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्याने निघतो, पॉलिशवाल्यांना हे ठाऊक असतं, पण ते विषारी आहे, हातमोजे घालूनच, लहान मुलं आसपास नको, आणि नंतर साध्या पाण्याने नीट पुसून घ्यायचं.

दुकानात गेलात की तुम्हाला क्राउन पाहिजे का क्वार्टर असं विचारतील. खोड सपाट कापलं की मधोमध डोंगरासारख्या कमानी उठतात, तो क्राउन. खोडाचे चार भाग करून रिंगांना काटकोनात कापलं की सरळ रेषा, तो क्वार्टर. इथे ओकची एक खासियत आहे. त्याच्या आत मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या असतात, सगळ्याच झाडांत असतात पण ओकमध्ये त्या चांगल्या रुंद, डोळ्यांना दिसतील इतक्या. क्वार्टर कापात पातं नेमकं या पट्ट्यांच्या बाजूने जातं, आणि सरळ रेषांवर आडवे-तिरपे चमकदार चट्टे दिसतात, प्रकाश हलला की तेही हलतात. कित्येक लोक हे पाहून शीट डॅमेज आहे म्हणून परत करतात! उलट ती खऱ्या ओकची खूण आहे, ॲशच्या लाकडाच्या रेषा ओकसारख्याच दिसतात पण असे चट्टे त्यात नसतात. ज्यांना सरळ रेषा पाहिजेत पण चट्टे नकोत त्यांच्यासाठी रिफ्ट नावाचा तिरका काप असतो, त्यात लाकूड जास्त वाया जातं म्हणून महाग. माझं विचाराल तर मोठ्या भिंतीला रिफ्ट किंवा क्वार्टर, आणि एखाद्या दाराला किंवा टेबलाला क्राउन, कारण पूर्ण वॉर्डरोबभर कमानीच कमानी आल्या की डोकं गरगरतं.

व्हाइट ओक आणि रेड ओकमध्ये घरासाठी फरक मुख्यतः रंगाचा. रेड थोडा गुलाबीकडे झुकतो, व्हाइट पिवळट-करड्याकडे. व्हाइट ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात, रेड ओकची छिद्रं इतकी मोकळी की छोट्या तुकड्यातून एका टोकाने फुंकलं तर दुसरीकडे हवा निघते. पण ऐकायला भारी असलं तरी अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरमध्ये हा फरक काही पाणी अडवत नाही, सेल्समनने व्हाइट ओक वॉटरप्रूफ असतो म्हटलं तर हसून सोडून द्या. स्मोक्ड ओक म्हणतात तो धुरावर धरलेला नसतो, अमोनियाच्या वाफेत ठेवलेला असतो, टॅनिनवर अमोनियाची क्रिया होऊन लाकूड आतूनच गडद होतं, म्हणून थोडं घासलं गेलं तरी पांढरं पडत नाही.

आणि रिकॉन, म्हणजे रिकन्स्टिट्यूटेड व्हिनियर. दुकानात ओक म्हणून एकदम एकसारख्या सरळ रेषांची, कुठेही गाठ नसलेली, नॅचरलपेक्षा स्वस्त शीट दाखवतील, ती बहुतेक वेळा रिकॉन असते. पॉप्लरसारख्या भराभर वाढणाऱ्या लाकडाचे काप रंगवून, एकावर एक चिकटवून ठोकळा करतात आणि तो परत कापतात, रेषा म्हणजे चिकटवलेल्या थरांच्या कडा. लाकूडच आहे, पण ओक नाही. वाईट मुळीच नाही, दहा शीट घेतल्या तर दहाही सारख्या निघतात, पाच वर्षांनी अजून घ्यायच्या झाल्या तर जवळपास तसाच माल मिळायची शक्यता असते, भाड्याच्या ऑफिसला तर मी तेच सुचवीन. फक्त नॅचरलचे पैसे देऊन रिकॉन घेऊ नका, बिलावर नॅचरल असं लिहून मागा.

नॅचरल घेत असाल तर हातभर सॅम्पल बघून ऑर्डर देणं हा मोठा धोका, झाडागणिक रंग बदलतो. पूर्ण शीट उभ्या करायला लावा, एकाच खोडाच्या लागोपाठच्या शीट आहेत का बघा, मागे नंबर टाकलेले असतात, तो क्रम मिस्त्रीला मोडू देऊ नका. शेजारच्या पल्ल्यांवर रेषा आरशासारख्या जुळवायच्या का एकामागे एक सरळ लावायच्या हे खडूने जमिनीवर शीट पसरवून ठरवा, कापल्यावर नाही. व्हिनियरचा भाव चौरस फुटावर असतो आणि लॅमिनेटचा शीटवर, त्यामुळे तुलना करताना लोक गोंधळतात. एक आठ बाय चारची शीट म्हणजे ३२ चौरस फूट, त्यात पॉलिशचा चौरस फुटाचा वेगळा खर्च धरा, कधी कधी तो शीटच्या खर्चाच्या बरोबरीला जातो. रेषा जुळवताना तुकडे वाया जातात तेही धरा, १०-१५ टक्के जास्तीचा माल त्याच लॉटमधून आधीच उचलून ठेवा.

खालच्या प्लायबद्दल थोडक्यात: आयएस, म्हणजे भारतीय मानक, ७१० चा शिक्का असेल तर तो मरीन दर्जाचा, आयएस ३०३ साधा, आणि ३०३ मध्येही एमआर (नुसता ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) असे दोन प्रकार येतात, बाथरूमच्या भिंतीला लागून वॉर्डरोब असेल तर एमआर नको. प्लायच्या पोटात पोकळी असेल तर पॉलिशनंतर वरून खड्डा दिसतो, म्हणून मोठ्या सपाट पॅनलला काही लोक एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, घेतात, गुळगुळीत बसतो, पण पाणी लागलं की फुगतो तो परत बसत नाही. शीट चिकटवायला पांढराच ग्लू. रबरी एसआर ग्लू लवकर पकडतो म्हणून मिस्त्रीला आवडतो, पण पश्चिमेच्या भिंतीवर नागपूरचं ऊन लागलं की तो मऊ होतो आणि बुडबुडे येतात, गोलाईवर इलाज नाही म्हणून वापरला तर ठीक.

कडा हा असा विषय आहे की सगळा पैसा पुढच्या भागावर जातो आणि ओलावा कडेतून शिरतो. पट्टी सागवानाची लावली तर रंग वेगळा उठून दिसतो, कोणाला ते आवडतं, मला नाही. ओकची किंवा ॲशची सॉलिड पट्टी लावा, नाहीतर ओकचीच व्हिनियर टेप. आणि पल्ल्याची खालची कड, जी कधी कोणाला दिसत नाही, जिथे पोछ्याचं पाणी उडतं, तिला पॉलिशचा हात लागलाय का हे वाकून बोट फिरवून बघा. दहातल्या नऊ वेळा लागलेला नसतो.

पॉलिशचं वेळापत्रक आपल्याकडे अगदी उलटं चालतं. सगळ्यांना दिवाळीच्या आत घर पाहिजे, म्हणून पॉलिश होतं ऑगस्ट-सप्टेंबरात, हवा दमट असताना, मेलामाइनचं पॉलिश पांढुरकं पडतं आणि पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशमध्ये, बुडबुडे येतात. मे महिन्यात केलं तर इतक्या लवकर सुकतं की संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, वर लूसोबत आलेली धूळ. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, थांबता येत असेल तर थांबा. फिका ओक फिकाच ठेवायचा असेल तर मेलामाइन आणि साधं पीयू नको, दोन्ही काळाने पिवळी पडतात, पिवळं न पडणारं ॲक्रिलिक पीयू किंवा पाण्यावरचं पीयू मागा, मॅट. घासताना मशीनवाल्याच्या डोक्यावर उभं राहिलं तरी चालेल, अर्धा मिलिमीटर आहे, कडेला मशीन दोनदा जास्त फिरलं की खालचा प्लाय दिसतो आणि मग रंग मारून झाकाझाकी सुरू होते. १८० नंबरच्या सँडपेपरपासून पुढे बारीक पेपर, रेषेच्या दिशेने, बस.

उन्हाने ओक मधाळ रंगाचा होतो, ते कोणतंही पॉलिश पूर्ण थांबवत नाही. पहिल्या वर्षी साईडबोर्डवर फुलदाणी एकाच जागी ठेवली तर उचलल्यावर गोल फिका डाग दिसेल, मधून मधून सरकवत राहा. किती बदलेल ते आधी बघायचं असेल तर पॉलिश केलेला तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून एप्रिलभर पश्चिमेच्या खिडकीत ठेवा.

सिंकखालचं कपाट, ओट्याच्या खालचे पल्ले, लहान पोरांची खोली, आई-आजी रोज ओल्या फडक्याने पुसतात ते देवघराचं खालचं कपाट, इथे ओक व्हिनियर लावायचा हट्ट नको, लॅमिनेट तिथे खरंच चांगला आहे. पुसायला कोरडं किंवा घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे नको, पुढे कधी पॉलिश परत करायचं झालं तर त्या जागी पॉलिश पकडत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

कुठे फुगा आलाच तर घाबरून पूर्ण शीट काढायला लावू नका. रेषेच्या बाजूने ब्लेडने बारीक चीर द्यायची, इंजेक्शनच्या सिरिंजने आत पांढरा ग्लू, वरून प्लास्टिक आणि सपाट लाकडाचा ठोकळा, रात्रभर दाब. रेषेतली चीर नंतर दिसतही नाही. पण तुकडाच उडाला असेल तर नवीन शीटमधून आणलेला तुकडा जुळणार नाही, तुमचा ओक तोपर्यंत मधाळ झालेला असतो आणि दुकानातला अजून फिका. अशा वेळी उजेडात राहिलेला जुनाच तुकडा कामी येतो, म्हणून काम संपल्यावर मिस्त्री उरलेल्या पट्ट्या भंगारात टाकायच्या आत दोन-तीन चांगल्या बाजूला काढा, पॉलिश करून घ्या, आणि कपाटाच्या वर उजेडात ठेवून द्या, मागे पॉलिशचं नाव आणि शेड पेन्सिलने लिहून.